आधी कानात, मग मांडवात

पिपरी मेघे
१९ जुलै २०२५

ताई,

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट चुलीत घालण्याआधी एवढं लक्षात घे की तुझ्याकडे चूल नाही, गॅस आहे, आणि गॅसवर कागद जाळलास तर समुद्रपूरच्या अर्ध्या गल्लीला वास जाईल. त्यापेक्षा वाचून टाक.

फोन लागत नाही. मला ब्लॉक केलंस ते समजू शकते, पण धीरजलाही? माझ्या नवऱ्याने तुझं काय घोडं मारलं? चौदा महिने झाले. आणि खरं सांगू, नंबर सुरू असता तरी मी फोनवर बोलले नसते. आवाज पाठवायची मला भीतीच बसली आहे. कागद निदान ज्याच्या हातात पडतो त्याच्याशीच बोलतो.

बातमी अशी की मी डीजेचं मशीन घेते आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. मेंदीच्या ऑर्डरी चांगल्या चालू आहेत. मेंदी काढायला बसलं की बायका म्हणतात, "ताई, गाणे बी तुमीच लावून द्या ना." मोठा डीजे आणला की त्याच्यामागे चार माणसं येतात, मग हळदीत बायका पदर सावरत बसून राहतात, नाचत कोणीच नाही. मी लावते तेव्हा सत्तरीतल्या आज्याही उठतात. आतापर्यंत लॅपटॉपवर निभावलं. गाणी मिसळायचं सॉफ्टवेअर फुकटात मिळतं, ते शिकले. पण लॅपटॉपवर एका बोटाने दोन गाणी सांभाळायची म्हणजे एका तव्यावर दोन धिरडी टाकायची. त्यासाठी वेगळं मशीन येतं, कंट्रोलर म्हणतात. त्यातून स्वतःचं गाणं काही निघत नाही, गाणी लॅपटॉपातच असतात. हे फक्त हाताला धरायला. दोन फिरत्या थाळ्या, आणि मध्ये वरखाली करायच्या पट्ट्या.

बाबा असते तर खूश झाले असते. केळझरहून त्यांच्या भोंग्यांच्या पेटीवर बसून आपण दोघी लग्नांना जायचो, आठवतं? कॅसेट लावायच्या आधी ते हेडफोन एका कानाला धरून ऐकायचे आणि तू दर वेळी विचारायचीस, "बाबा, काऊन?" ते म्हणायचे, "आधी आपल्या कानात, मंग मांडवात." दर वेळी तेच उत्तर, आणि तरी तू पुढच्या लग्नात परत विचारायचीस.

प्रेरणाच्या हळदीत मी तो नियम पाळला नाही. तुझ्या नणंदेची हळद, तू सासरी शब्द टाकून मिळवून दिलेलं माझं पहिलं काम, आणि तुझा सकाळचा व्हॉइस मेसेज सगळ्या मांडवाने स्पीकरवर ऐकला. "म्हातारी माइक मागन. तिले देजो नको. भुलाबाईचं गाणं म्हनते आन बकरी वरडल्यावानी वाटते." तुझ्या सासूबाई पहिल्याच रांगेत होत्या. त्या उठून आत गेल्या आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तसं तू माझ्याकडे आधी कधीच पाहिलं नव्हतंस.

माझ्या हाताला निलगिरीचं तेल होतं गं. मेंदीवालीच्या हाताला असतंच. बोट घसरलं आणि भलतीच फाइल लागली. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते.

उत्तराची वाट बघत नाही असं लिहिणार होते. पण बघते आहे.

वर्षाली


३ ऑगस्ट

ताई,

पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. पोस्टमनने विचारलं, "आता कोन पत्र लिहिते मॅडम?" मी म्हटलं, ज्याचं तोंड बंद केलंय तो.

काल हिरालालच्या दुकानात गेले होते. वर्ध्याला बाबा भोंगे दुरुस्तीला आणायचे तेच दुकान, आता काचेचं झालंय. हिरालाल म्हातारा झालाय पण त्याने मला ओळखलं. "हेमराजभाऊची लहान पोरगी ना तू? पेटीवर झोपून जाये तेच?" पेटीवर झोपायचीस तू. मी त्याला सुधारलं नाही, कारण त्यामुळे तो चहा मागवत होता.

त्याने टेबलावर मशीनं मांडली. पहिलं अगदी हलकं, थाळ्या पुरीएवढ्या. पर्समध्ये राहील असं. धीरजला ते फारच आवडलं, त्याने किमतीची चिठ्ठी आधी वाचली होती. मी विचारलं, हेडफोन कुठे लावायचा? हिरालाल म्हणाला, "याच्यात साउंड कार्ड नाई बेटा. हेडफोन लॅपटॉपलेच लावा लागन." मी हात मागे घेतला. लॅपटॉपला आवाजाचा एकच रस्ता असतो, ताई. स्पीकरला जे जाईल तेच कानात, आणि कानात घ्यावं तर मांडवात. तेच दुखणं परत पैसे देऊन कशाला घेऊ?

मग त्याने सगळ्यात मोठं काढलं. चार गाणी एकदम लावता येतात म्हणे. चार सवतींना एका घरात नांदवायचं कशाला? दोन सांभाळल्या तरी पुष्कळ झालं. धीरज म्हणाला, "घेऊन घे, मंग पुढं काम येईन." त्याला बटणं खूप असली की वस्तू चांगली वाटते. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचीही तो तीनच बटणं वापरतो.

उरली मधली दोन. एकाला रंगीबेरंगी दिवे, बोटांनी ठोकायच्या सोळा गाद्या, आणि गाण्याचा वेग कमीजास्त करायची पट्टी एवढीशी, करंगळीएवढी. दुसरं काळं, दिवे नावालाच, दिसायला आपल्या गणिताच्या बाईंसारखं. पण त्याची वेगाची पट्टी वीतभर लांब. हेडफोनचं वेगळं भोक दोघांनाही आहे.

हिरालालने मला हेडफोन दिला आणि म्हणाला, "हे बटन दाब." दाबलं. स्पीकरवर एक गाणं चालू होतं आणि माझ्या कानात दुसरंच सुरू झालं. बाहेर कोणालाच काही कळलं नाही. धीरज समोर उभा राहून चहा पीत होता, त्यालाही नाही. ताई, मला तिथे रडू आलं. हिरालालने घाबरून आवाज कमी केला. त्याला वाटलं कान दुखला.

अजून ठरलं नाही. दिव्यांचं छान दिसतं, खोटं कशाला बोलू. हळदीच्या फोटोत येईल. काळं कोणाच्या डोळ्यात भरणार नाही.

वर्षाली


१८ ऑगस्ट

ताई,

हे तुला सांगू नको असं मला बजावलेलं आहे. म्हणून सांगत नाही, लिहिते.

शनिवारी सकाळी दारात स्कूटर थांबली. प्रफुल भाऊजी, आणि मागे डोळ्यांना काळा चष्मा लावलेल्या तुझ्या सासूबाई. माझ्या हातातला मेंदीचा कोन खाली पडला. भाऊजी खाली उतरलेही नाहीत. "डोळ्याच्या दवाखान्यात दाखवलं, आता आई म्हनते वर्षालीकडे सोड. मी कृषी केंद्राचा माल घेऊन येतो," एवढं बोलून गेले. मला वाटलं आता मार खायचा.

त्या आत आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुये पत्र माह्या हातात येतेत पोरी. पोस्टमन मलेच देते. मी दिपालीच्या उशीखाली ठेवतो. वाचते ते. दुपारी दार लावून वाचते."

तू वाचतेस हे मला असं कळलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन मिनिटं डबे लावत बसले.

मग त्यांनी चष्मा काढला आणि मूळ मुद्द्यावर आल्या. "माहा आवाज बकरीवानी हाये का?"

मी म्हटलं, मावशी, तसं काही नाही.

"हाये. मले मालूम हाये. माहा नवरा बी म्हने. पन तो तोंडावर म्हने. पोरीनं बी तोंडावर म्हनाले पायजे होतं, एवढंच माहं म्हननं. आता पंधरा महिने झाले, ते मले ताटात पहिली पोळी वाढते, पाय चेपून देते, आन नजर वर करत नाई. घरात कसं वाटते मले? सून हाये का मोलकरीन? मी रागावली असतो तं बरं झालं असतं."

ताई, हे वाक्य मी तसंच्या तसं लिहिलं आहे. त्यात माझं काही नाही.

नंतर म्हणाल्या, तू घेतेस म्हणे ते मशीन दाखव. मी म्हटलं, अजून घेतलं नाही, दोनात अडकले आहे. झालं. पदर खोचून उभ्याच राहिल्या. आम्ही ऑटो करून हिरालालकडे गेलो. त्यांनी हेडफोन डोक्यावर चढवला, अंबाड्यामुळे बसत नव्हता तो गळ्याखालून घातला, आणि कानात गाणं लागल्याबरोबर सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "बाहेर काई जाऊन नाई राह्यलं ना?" हिरालाल म्हणाला, "मावशी, गाणं नाई जाऊन राह्यलं, तुमीच जाऊन राह्यल्या." त्यांना ते ऐकूच आलं नाही.

हेडफोन काढून त्यांनी अंबाडा नीट केला. मग म्हणाल्या, "हे त्या दिवशी असतं तं मले काईच समजलं नसतं." मी मान खाली घातली. "बरं झालं नव्हतं," म्हणाल्या. "मी आनखी दहा वर्षं म्हनत राह्यली असतो, आन ते हसत राह्यली असती."

मग त्यांनी दोन्ही मशीनं पुढून पाहिली, मागून पाहिली, सासरच्यांनी मुलगी पाहावी तशी. आणि विचारलं, "माइक कुठी खुपसतेत?"

दिव्यांच्या मशीनला माइकचं भोक नव्हतं. काळ्याला होतं.

मी मुलगी पसंत केली, ताई.

वर्षाली


१४ सप्टेंबर

ताई,

मशीन घरी येऊन तीन आठवडे झाले. पाटावर ठेवून हळदीकुंकू लावलं. धीरजने नारळ फोडला आणि पाणी टेबलावर सांडलं, थोडक्यात वाचलं. पहिल्या दिवसापासून रुमाल टाकून ठेवते, लग्नातल्या नवरीसारखं.

हात बसायला वेळ लागतो आहे. मला वाटलं होतं मेंदीचा हात आहे, लगेच जमेल. पण मेंदीत हात हळू चालतो आणि चुकलं तर पान काढून फूल करता येतं. इथे एक गाणं संपत आलेलं असतं आणि दुसरं अजून पायात चप्पल घालत असतं. सॉफ्टवेअरमध्ये एक सोपं बटण आहे, दाबलं की दोन्ही गाण्यांचा ताल आपोआप जुळतो. आठ दिवस मी तेच दाबून स्वतःला फार शहाणी समजत होते.

मग मावशी आल्या. (हो, परत. डोळे दाखवायला. त्यांच्या डोळ्यांना आजकाल फारच दाखवावं लागतं.) माइक लावला. मी मागे ढोलकीचा ठेका फिरत ठेवला आणि म्हटलं, म्हणा. त्यांनी भुलाबाईचं गाणं सुरू केलं. ताई, आवाज बकरीसारखा नाही. थोडा आहे, पण वर चढताना फक्त. खरी गंमत वेगळी आहे. भुलाबाईला सासरचं कोण कोण बोलावायला येतं ते सांगताना त्यांचं गाणं संथ असतं, आणि माहेरचा भाऊ आला की एकदम पळतं. मशीनला काही ती म्हातारी समजली नाही. बटण दाबलं तर ते ठेका भलतीकडेच नेऊन ठेवायचं. शेवटी मी बटण सोडलं आणि ती वीतभर पट्टी हाताने वरखाली करत त्यांच्या मागे मागे गेले. भाऊ आला की पट्टी पुढे, सासरा आला की मागे. करंगळीएवढी पट्टी असती तर जमलं नसतं.

गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हे ढोलकीवालं पोट्टं समजदार हाये." मी म्हटलं, मावशी, ती मी आहे.

एक अडचण आहे. मशीनचं हेडफोनचं भोक जाड आहे आणि माझ्या हेडफोनची पिन बारीक. मध्ये लावायचं जाड टोक हिरालालने दिलं, पण ते ढिलं आहे, मान हलवली की कानात खरखर. बाबांच्या हेडफोनवर चढवायची ती पितळी जाड पिन होती ना, तीच मी प्रेरणाच्या हळदीत लॅपटॉपची वायर स्पीकरच्या पेटीला जोडायला लावली होती. ती तुझ्या मांडवातच राहिली. म्हणजे तुझं बोलणं बाबांच्या पिनेतूनच बाहेर गेलं, हे मला परवा सुचलं आणि दिवसभर जेवण गेलं नाही. कुठे सापडली तर फेकू नकोस. मागत नाही, फक्त फेकू नकोस.

इथे गल्लीतल्या मुलींनी भुलाबाई बसवली आहे. रोज एकीच्या घरची खिरापत, झाकणाचा डबा हलवून ओळखायची. आपल्या वेळी तू डबा एकदा हलवायचीस आणि सांगायचीस, फुटाणे. किंवा मुरमुऱ्याचा चिवडा, शेंगदाणे कमी. मी दहा वेळा हलवून शेवटी "हरली" म्हणायचे. आताही काल हरलेच. सात वर्षांच्या पोरी हसल्या मला.

वर्षाली


२६ सप्टेंबर

ताई,

आज मशीनबद्दल काही नाही.

माझं बोट घसरलं नव्हतं.

तेल होतं हाताला, ते खरं. पण फाइल मी मुद्दाम उघडली. तुझा तो मेसेज एक मिनिटाचा होता. लोकांना शेवटचं बकरीचं तेवढं आठवतं. सुरुवात कोणाच्याच लक्षात नाही, तुझ्याही नसेल. तू म्हणाली होतीस, "वर्षे, मले भेव नाई. तू हायेस तं हळद भारीच होते. बाबाच्या हातचं सारं तुह्याच हातात उतरलं."

बाबा असं कधी मला म्हणाले नाहीत. ते तुला म्हणायचे. मोठी माही हुशार हाये, कानाची पक्की हाये. मी पेटीवर बसून पाय हलवणारी. त्या दिवशी सकाळपासून तो मेसेज मी सात वेळा ऐकला होता. मांडव भरला, बायका नाचायला लागल्या, काम मस्त जमत होतं, आणि मला तो आठव्यांदा ऐकावासा वाटला. फक्त सुरुवात. कानात ब्लूटूथ खोचलं होतं, मला वाटलं माझ्याच कानात वाजतंय. ते जोडलंच गेलं नव्हतं. इतका मोठा आवाज येतोय हे कळायला हवं होतं, पण मी डोळे मिटून घेतले होते, ताई. ते वाक्य ऐकताना मी डोळे मिटायचे. उघडले तेव्हा सगळा मांडव थांबलेला होता आणि तुझ्या सासूबाई उठत होत्या.

सगळ्यांना मी घसरल्याचं सांगितलं, कारण खरं सांगायची लाज वाटली. तुझ्या संसाराचा तमाशा झाला तो मला शाबासकी परत ऐकायची होती म्हणून, हे कोणत्या तोंडाने सांगणार? पण मावशी म्हणाल्या तोंडावर म्हणायला पाहिजे. समोर येता येत नाही तर कागदावर म्हणते. माझी चूक होती. तेलाची नाही, लॅपटॉपची नाही.

आता दुसरं. तुझ्या सासूबाईंनी फर्मान काढलं आहे की कोजागिरीला संध्याकाळी भुलाबाई तुमच्या अंगणात होणार, गल्लीतल्या सगळ्या बायका येणार, आणि मशीन घेऊन मी यायचं. मी म्हटलं, मावशी, घर जितकं तुमचं तितकं तिचंही आहे. तिने म्हटल्याशिवाय मी पाय ठेवणार नाही. त्या चिडल्या, पण मी ऐकलं नाही.

म्हणून विचारते. येऊ का?

तुला लिहायचं नसेल तर लिहू नकोस. बोलायचं तर मुळीच नाही. माझी खिरापतीची पाळी असायची तेव्हा आई तुझ्या हातून डबा पाठवायची, तसा झाकणाचा डबा पाठव. समुद्रपूरच्या बसच्या ड्रायव्हरजवळ दिलास तरी मी स्टँडवरून घेईन. डबा आला तर येईन. नाही आला तर मशीनवर रुमाल आहेच, आणि मी तुझ्यावर रागावणार नाही. रागावायचा हक्क तुझा आहे.

वर्षाली


६ ऑक्टोबर, कोजागिरी
सकाळी साडेअकरा

ताई,

हे पोस्टात टाकत नाही.

काल दिवसभर मी स्टँडवर तीन चकरा मारल्या. समुद्रपूरच्या प्रत्येक ड्रायव्हरला विचारलं. एकजण म्हणाला, "मॅडम, डब्बा तं नाई, पन तुमाले बसायचं असन तं बसा." संध्याकाळी घरी येऊन मी मशीन पिशवीत घालून माळ्यावर ठेवून दिलं. धीरजने स्वतः खिचडी टाकली, म्हणजे मी किती वाईट दिसत असेन ते समज.

आज सकाळी नऊच्या बसने आला. आईचाच तो पितळी कडीचा डबा, झाकणावर तुझ्या लुगड्याची चिंधी बांधलेली. ड्रायव्हर म्हणाला, "बाईनं बजावून सांगतलं, उघडून देऊ नका, वाजवून द्या." आणि त्याने खरंच स्टँडवर सगळ्यांसमोर एकदा वाजवून दिला.

मी घरापर्यंत उघडला नाही. ओट्यावर ठेवला आणि हलवला. एकदाच. शंकरपाळे, ताई. चिवडा असा वाजत नाही, तो सळसळतो. लाडू गडगडतात. हे खडखड, कोपऱ्याकोपऱ्याचं. पण त्यात अजून एक आवाज होता, बारीक, धातूचा, एका डबीत दुसरं काही असावं तसा. धीरज म्हणाला, "चमचा राह्यला असन." मी म्हटलं, नाही. मला कळलं होतं, पण तोंडातून काढायची हिंमत होईना. खोटं निघालं असतं तर?

चिंधी सोडली. वर शंकरपाळे. मध्ये स्टीलची कुंकवाची डबी. डबीत बाबांची पिन, चिंचेने घासून लख्ख केलेली. आणि घडी घातलेली चिठ्ठी, तुझं ते मुंग्यांसारखं अक्षर.

"आईले माइक पयले देजो."

बस्स एवढंच. म्हातारी नाही, आई. सोळा महिन्यांपूर्वी देजो नको, आणि आज पयले देजो. मी ओट्याला टेकून खाली बसले आणि रडले, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल असं. धीरजने खिडकी लावली.

पिन लावून पाहिली. घट्ट बसली. मान कितीही हलवा, खरखर नाही. कानात पहिलं काय ऐकलं विचारशील, तर तुझा तोच मेसेज. माझ्याकडे आहे अजून. पहिलंच वाक्य ऐकलं आणि बंद केलं. बाहेर काही गेलं नाही. धीरज समोर बसून शंकरपाळे खात होता.

दीडची बस आहे. मशीन कपड्यांत गुंडाळून पिशवीत घातलं आहे, ते मांडीवर घेऊन बसेन. हे पत्र सोबत आणते आहे. तुझ्या हातात देईन आणि तू वाचून होईपर्यंत तिथेच उभी राहीन. आणि एक गोष्ट पत्रात लिहिणार नव्हते, पण लिहिते. शंकरपाळ्यांत साखर फार झाली आहे. तोंडावर सांगायला येते.

वर्षाली